धामणदरीचा गुळगुळीत रस्ता

धामणदरीची माणसं ऑफिसात आली तेव्हा तृप्ती जेवणाचा डबा उघडत होती. आधी आत आला तिचा धाकटा भाऊ भूषण, काखेत हेल्मेट धरून. त्याच्या मागे वडील प्रल्हादराव, आणि त्यांच्या मागे गावातली पाच-सात माणसं. वडिलांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. लेकीच्या ऑफिसात ते पहिल्यांदाच येत होते आणि खुर्ची दिली तरी बसायला तयार नव्हते.

"आज मी तुहा बाप म्हणून नाई आलो," ते म्हणाले. "गावाचा माणूस म्हणून आलो. आमच्या रस्त्याचं काय ते सांग."

तृप्तीने डबा झाकून बाजूला सारला. हा दिवस येणार हे तिला ठाऊक होतं.

तृप्ती वानखडे जिल्ह्याच्या रस्तेसुरक्षा कक्षाची प्रमुख होती. कुठल्या रस्त्यावर किती पैसा घालायचा, हे एके काळी पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर ठरायचं. आता ते 'शहारा' नावाच्या संगणक-प्रणालीवर ठरत होतं, आणि 'शहारा' उभा करणाऱ्या माणसांमध्ये ती पहिल्या दिवसापासून होती.

कल्पना साधी होती. प्रत्येक नव्या दुचाकीच्या हँडलखाली सुपारीएवढी एक चकती बसवणं सक्तीचं झालं होतं. गाडी किती कलली, किती हादरली, ब्रेक किती जोरात दाबला गेला, मागचं चाक कुठे घसरलं, हे ती चकती टिपायची आणि पाठवून द्यायची. गाडी कुणाची, ते मात्र सांगायची नाही. दुचाकीवरून पडून एक माणूस मरतो, त्याच्या आधी त्याच जागी हजारो माणसं पडता पडता सावरलेली असतात. घरी जाऊन ती बायकोलासुद्धा सांगत नाहीत. ते सगळे सावरलेले क्षण 'शहारा' गोळा करी, आणि माणूस मरायची वाट न बघता सांगे, की पुढचं मरण कुठल्या वळणावर आहे. रस्ता नकाशावर तिथे लाल होई.

आणि हा नकाशा पोलिसांच्या अपघात-नोंदींशेजारी ठेवल्यावर एक गोष्ट दिसली होती, जी तृप्तीच्या वरिष्ठांनाही आधी पटली नव्हती. रस्त्यांवरचा खर्च वाढला की मोटारीतली माणसं कमी मरत होती. दुचाकीवरची मात्र काही रस्त्यांवर जास्त मरत होती. मोटारीला चार चाकं आणि भोवती लोखंडाचा पिंजरा. दुचाकीचा रस्त्याशी संबंध तळहाताएवढ्या दोन ठिपक्यांपुरता. खड्ड्याच्या रस्त्यावर माणूस वीसच्या वेगाने पडतो आणि मनगट मोडून घरी येतो. त्याच रस्त्यावर नुसतं डांबर ओतलं, वळणं तशीच अरुंद ठेवली, साईडपट्टी केली नाही, शेतातून वाहून येणाऱ्या मातीची सोय केली नाही, तर तो सत्तरच्या वेगाने त्याच वळणावर येतो. वेग साडेतीन पट झाला की आदळण्याचा जोर बारा पट होतो. तेवढं माणसाच्या मानेला सोसत नाही. साईडपट्टी, वळणाचा ढाळ, पाण्याची गटारं यांवर खर्च केला तर दोघंही वाचत होते. पण साईडपट्टीचं उद्घाटन कुणी करत नाही.

धामणदरीचा रस्ता याच जातीचा होता. पैनगंगेच्या खोऱ्यात उतरणारा, खड्ड्यांनी चाळणी झालेला, आणि मध्ये लेंडी नाल्याच्या मोरीवर एक आंधळं वळण.

हे सगळं तिने त्या दिवशी गावाला समजावून सांगितलं. काही लपवलं नाही. "नुसतं डांबर टाकलं तर लेंडी नाल्यावर माणूस मरेल," ती म्हणाली. "आज ना उद्या. मशीन तसं सांगतंय, आणि मशीन आजवर फारसं चुकलेलं नाही."

भूषण हसला. "म्हणजे खड्डे आमचे राखणदार हायेत म्हण की, ताई! त्यायले शेंदूर लावू काय?"

सगळे हसले. भूषणचं बोलणं असंच असायचं. पंचक्रोशीतले सौरपंप तो दुरुस्त करायचा. पाठीवर हत्यारांची पिशवी आणि बुडाखाली विजेवरची मोटारसायकल. कुणाचा पंप बंद पडला आणि भूषण संध्याकाळच्या आत पोहोचला नाही, असं होत नसे.

वडील हसले नाहीत. "तुह्या मशिनीत शोभा मोजली हाये काय?" त्यांनी विचारलं.

भूषणने हसू आवरून हेल्मेट दुसऱ्या काखेत घेतलं.

शोभा म्हणजे तृप्तीची आई. एका दिवाळीत, सकाळी सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. जीपमध्ये घातलं. जीपवाला बिचारा जीव तोडून चालवत होता, पण त्या रस्त्यावर गाडी बैलगाडीच्या चालीनेच जायची. जोरात नेली की शोभाबाई कळवळायच्या, हळू नेली की वेळ जायचा. आईचं डोकं तृप्तीच्या मांडीवर होतं. लेंडी नाला ओलांडला आणि तिने धरलेला आईचा हात जड झाला. अर्धा तास आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले होते.

'शहारा'त फक्त दुचाकीवरून पडणारी माणसं होती. जीपमध्ये लेकीच्या मांडीवर गेलेल्या बाईला त्यात जागा नव्हती.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "तिला नाही मोजलं."

"मंग मोज," म्हणून प्रल्हादराव दाराकडे वळले.

ती मुख्य अभियंता कुलथे साहेबांकडे गेली तेव्हा मनात ठरवून गेली होती. करायचा तर पूर्ण रस्ता करायचा. वळण सरळ, दोन्हीकडे साईडपट्टी, मोरी रुंद. कुलथे साहेबांनी आराखडा शांतपणे पाहिला. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला आलेला, आयुष्यभर अपुऱ्या निधीची ओढाताण केलेला.

"या एका रस्त्यात तालुक्याचा सगळा निधी संपेल, वानखडे मॅडम. बाकीच्या गावांना काय सांगू?"

"मग सध्या काहीच करू नका, सर. मशीनची शिफारस तीच आहे."

"ते तुम्ही सांगाल गावाला? खड्डे ठेवतोय, तुमच्याच भल्यासाठी?" त्यांनी चष्मा काढला. "आधी डांबरीकरण करू. वळण दुसऱ्या टप्प्यात. पुढच्या वर्षी मी स्वतः मागे लागतो. तोवर तुम्ही तिथे आडवे खडबडीत पट्टे घाला, वेग कमी राहील."

तिच्या डोळ्यांसमोर लाल ठिपका होता आणि मांडीवर आईचं डोकं होतं. तिने शिफारशीवर सही केली. सही करताना आपण योग्य तेच करतोय असंच तिला वाटलं होतं, हेच नंतर तिला सगळ्यात जास्त छळणार होतं.

रस्ता झाला. काळाभोर, मध्ये पांढरी रेघ. उद्घाटनाला गावाने पंगत घातली. तृप्तीने वळणाआधी घातलेले खडबडीत पट्टे त्याच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी ठेकेदाराकडून सपाट करून घेतले. गरोदर बायांना हादरे बसतात, असं गावाचं म्हणणं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. तिने पुन्हा पट्टे घालण्यासाठी पत्रं लिहिली. उत्तर आलं, की दुसऱ्या टप्प्यात बघू.

पण त्या रस्त्याने गावाचं भलं केलं, हे तिला नाकारता येईना. ढाकुलकरांची सून अडली होती, ती वेळेत दवाखान्यात पोहोचली आणि जुळी घेऊन घरी आली. दूध नासायचं थांबलं. भूषणची मुलगी ईश्वरी तालुक्याच्या कॉलेजात जायला लागली. एरवी तिला दहावीनंतर घरी बसवायचं चाललं होतं. वडील फोनवर म्हणाले, "तुही माय असती तर रोज या रस्त्यानं बाजारले गेली असती." इतकं मोकळं ते कितीतरी वर्षांत बोलले नव्हते.

नकाशावर लेंडी नाला मात्र दर आठवड्याला गडद होत होता.

एका सकाळी तिने त्या वळणावरचे ताजे शहारे, म्हणजे पडता पडता सावरल्याच्या नोंदी, उघडल्या. चकत्या नाव सांगत नाहीत, पण वाट सांगतात. एक गाडी रोज धामणदरीतून निघायची, कधी या शेतावर थांबायची, कधी त्या शेतावर, आणि दिवसातून दोन-तीनदा वळणावर भरधाव यायची. तिचं मागचं चाक कितीदा तरी सरकलं होतं. परवा तर ती जवळजवळ आडवी झाली होती. ते पाहताना तृप्तीच्या अंगावर काटा आला. गाडी जिथून निघत होती ते अंगण तिचं स्वतःचं होतं.

तिने लगेच फोन लावला.

"भूषण, परवा लेंडी नाल्यावर काय झालं होतं?"

"तुले कोणं सांगितलं?"

"कुणी नाही. हळू चालव रे. त्या वळणावर शेतातली माती येते, चाकाला पकड राहत नाही."

"तू माह्यावर नजर ठेवतेस काय, ताई?"

"नजर नाही. मला दिसलं."

"तेच ते!" त्याचा आवाज चढला. असं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. "आधी मी दिवसाले तीन पंप करत होतो, आता सहा करतो. तो रस्ता चांगला झाला म्हणून. लोकं उभं पीक घेऊन वाट पाहून रायले असतात. अन् तू तिथं एसीत बसून माही गाडी कुठं सरकली ते पाहतेस? लहानपणी माह्यामागं काठी घेऊन फिरत होतीस, आता मशीन घेऊन फिरतेस."

"भूषण, ऐक तर…"

त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती गाडी नकाशावरून नाहीशी झाली. त्याने चकती उपटून टाकली होती.

तृप्तीने वहिनीला, मयूरीला, फोन केला. मयूरी म्हणाली, "मी बोलते त्यायच्याशी, ताई. पण आता रागात हायेत. येत्या रविवारी तुम्हीच या. तुमच्या हातची आमटी खाल्ली की निवळतील." रविवारी तृप्ती निघालीच होती, पण मंत्रालयातून पाहणीचा ताफा आला आणि तिला जाता आलं नाही. तिने भूषणला निरोप पाठवला. त्याने नुसता अंगठा पाठवला. तो रागाचा होता की समेटाचा, हे तिला कधीच कळलं नाही.

पुढच्या गुरुवारी भरदुपारी भूषण गेला.

तुरीच्या शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर आला होता आणि वळणावर मातीची ढेकळं सांडून पुढे निघून गेला होता. ट्रॅक्टरवाल्याचा त्यात फार दोष म्हणता येणार नाही. शेतातून रस्त्यावर यायला तिथे दुसरी जागाच नव्हती. भूषण बोरखेडच्या एका म्हातारीचा पंप करून परतत होता. हेल्मेट डोक्यावर होतं, पट्टा लावलेला होता. चाक ढेकळांवर गेलं, आणि बाजूला सरायला साईडपट्टी नव्हती. तो गाडीसकट मोरीच्या कठड्यावर आदळला आणि मान मोडली. तोच गुळगुळीत रस्ता असल्यामुळे रुग्णवाहिका झटक्यात आली. तिला काही घाई करायची गरज उरली नव्हती.

तृप्ती पोहोचली तेव्हा अंगणात बायका बसल्या होत्या. मयूरी भिंतीला टेकून, डोळे कोरडे. ईश्वरी बापाचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती आणि कुणी मागितलं तरी देत नव्हती. हेल्मेटला ओरखडासुद्धा नव्हता.

प्रल्हादरावांनी लेकीला पाहिलं. ती त्यांच्या पायाशी कोसळली.

"मी सही केली, बाबा."

"तू सांगितलं होतं," ते म्हणाले. "आम्हीच नाई ऐकलं. मी तुले तुही माय आठवून दिली." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता कोणाचं कोणावर घालू, माय? दोघंही माहेच."

तेरावं उरकून ती कामावर रुजू झाली. दुसऱ्या टप्प्याची यादी ठरवायची बैठक त्याच महिन्यात होती. तिने नकाशा उघडला. लेंडी नाला आता तरी यादीत सगळ्यात वर असेल, असं तिला वाटलं होतं.

लेंडी नाला पिवळा झाला होता.

तिने आकडे पुन्हा तपासले. गणितात चूक नव्हती. त्या वळणावर सगळ्यात जास्त वेळा, सगळ्यात जास्त वेगाने येणारी गाडी आता येत नव्हती. बाकीचे लोक भूषणच्या मरणाने धास्तावून तिथे हळू जात होते. चाकं घसरत नव्हती, ब्रेक करकचून दाबले जात नव्हते. पुढच्या वर्षी तिथे कुणी मरण्याची शक्यता उतरली होती. तिने स्वतः 'शहारा'ला शिकवलं होतं तसंच तो सांगत होता.

बैठकीत कुलथे साहेबांनी पडद्यावर बघितलं, मग तिच्याकडे. आवाज शक्य तितका मऊ करून ते म्हणाले, "मॅडम, मला फार वाईट वाटतं. पण या क्रमाने धामणदरी यंदा बसत नाही. तिथला धोका कमी झालाय."

"धोका तेवढाच आहे, सर," तृप्ती म्हणाली. "तिथला माणूस कमी झालाय."

एका तरुण अभियंत्याने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. ती पुढे बोलत राहिली. भीती ओसरली की वेग परत येईल. मशीनला भीती आणि सुरक्षितता यांतला फरक कळत नाही. तो फरक त्याला शिकवायला हवा. कुलथे साहेबांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं. 'शहारा'त बदल करायला समिती नेमली गेली. मरण झालेली जागा काही वर्षं यादीतून खाली येऊ नये, आणि दवाखान्याला पोहोचायला लागणारा वेळही मोजावा, अशा दोन सूचना तिने त्या समितीला दिल्या. त्या पुढे सबंध राज्यात मान्य झाल्या. पण ते पुढे. यंदाचा निधी दुसऱ्या रस्त्यांना गेला, आणि त्या रस्त्यांवरही कुणाचे ना कुणाचे भाऊ होतेच.

धामणदरीला मिळाले ते वळणाआधीचे खडबडीत पट्टे. तेही ग्रामसभेने मान्य केले तर.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. भूषणचे मित्र चवताळले होते. रस्ताच उखडून टाका, म्हणत होते. दुसरे म्हणत होते, पट्टेसुद्धा नकोत, एक माणूस गेला म्हणून अख्ख्या गावाने हादरे कायले खायचे? आवाज वाढत गेले. तेव्हा बायकांमधून मयूरी उभी राहिली. ती बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"रस्त्याले हात लावू नका," ती म्हणाली. "माही पोरगी त्याच रस्त्यानं शिकायले जाते. तो उखडला तर ती घरी बसन. ते त्यायले चाललं नसतं." तिने पदर सारखा केला. "पट्टे घाला. हादरे बसू द्या."

मग सगळ्यांनी प्रल्हादरावांकडे पाहिलं.

"शोभासाठी मी रस्ता मागितला," ते म्हणाले. "भूषणसाठी तो खरवडू द्या."

त्याच आठवड्यात पट्टे घातले गेले.

भूषणची हत्यारं काही दिवस खुंटीला लटकत होती. मग एका शेतकऱ्याने येऊन विचारलं, की वहिनी, भूषणभाऊ सांगायचे तुम्हाले बी पंपाचं थोडं समजते. मयूरीला थोडं नव्हे, बरंच समजत होतं. घरी आणलेल्या मोटारी तीच उघडून द्यायची. भूषणची गाडी विकून तिने एक हलकी स्कूटर घेतली आणि शाळेच्या मैदानात ईश्वरीला मागे धावायला लावून शिकली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तृप्ती गावी आली. परतताना तिला तालुक्याच्या बस स्टँडवर सोडायला मयूरी निघाली, कारण वाटेत बोरखेडला एक पंप बघायचाच होता. तृप्ती मागे बसली. मयूरीच्या पाठीवर हत्यारांची पिशवी होती, म्हणून तिला थोडं मागे सरकून बसावं लागलं. रस्ता उतरणीला लागला. पट्टे आले आणि स्कूटर खडखडली. मयूरीने वेग पार कमी केला.

समोर मोरी दिसली. कठड्याचा एक कोपरा उडालेला होता, तिथलं सिमेंट अजून नव्यासारखं पांढरं होतं. कुणीतरी वाहिलेली झेंडूची माळ वाळून काळी पडली होती. त्या दिवसानंतर तृप्ती या जागी थांबली नव्हती. आली तेव्हा बसमध्ये होती, गेली तेव्हा डोळे मिटून होती.

"मयूरी, जरा थांब ना इथे," ती म्हणाली. "एकच मिनिट."

मयूरीने आरशात पाहिलं. मागून दुधाची गाडी येत होती, समोर वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. डाव्या हाताला डांबर संपत होतं आणि तिथूनच नाल्याचा उतार सुरू होत होता.

"इथं नाई थांबता येत, ताई," ती म्हणाली. "उभं राहायले जागाच नाई."

आणि दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून, न थांबता, तिने स्कूटर वळणातून पुढे नेली.